हजेरी घेणं बंद कर

प्रिय बाबू,

परवा संध्याकाळी आलास तेव्हा तुझी काकू आत भाकरी थापत होती, म्हणून तू अंगणातच गाडीवर टेकून बोलत राहिलास. आधी तुरीचा भाव, मग चण्यावरची अळी, आणि मग एकदम मोबाइल माझ्यासमोर धरलास. महिन्याचा तक्ता होता. प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. सकाळी जाग आली तेव्हा ताठरता होती का, बायकोजवळ गेलास तेव्हा आली का, आली तर टिकली का. "काकाजी, मले काई समजून नाई रायलं. कधी होते, कधी होतच नाई. असं कावून?" एवढं म्हणालास, आणि काकू दारात दिसताच किक मारून निघून गेलास.

समोरासमोर मलाही एवढं बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो. चौतीस वर्षं मी आरोग्य खात्यात काढली. सायकलवर गावोगाव फिरून तापाच्या माणसांच्या बोटातलं रक्त काचपट्टीवर घेतलं. रजिस्टर भरणं माझ्या अंगात मुरलेलं आहे. तरी तुझा तो तक्ता पाहून मला राग आला. शरीराच्या या भागाची हजेरी घ्यायची नसते, बाबू. आजपासून बंद कर.

आधी आत काय होतं ते समजून घे. लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. मनात इच्छा आली किंवा स्पर्श झाला की तिथल्या मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात. रक्त आत शिरतं, नळ्या फुगतात, आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा त्या फुगण्यानेच बाहेरच्या चिवट आवरणाखाली दाबल्या जातात. म्हणून ताठरता टिकते. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप कसा पोचवतो, हे शोधल्याबद्दल १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. तुझ्या कामाची गोष्ट यात एकच आहे: हे सगळं सैल सोडल्याने होतं, आवळल्याने नाही. ओलिताला गेल्यावर अंधारात रानडुक्कर समोर आलं तर काय होतं? छाती धडधडते, हातपाय थंड पडतात, शरीर रक्त पळण्याच्या कामाला लावतं. "आज होईल का" या धास्तीनेही शरीर तेच करतं. त्याला डुक्कर काय आणि परीक्षा काय, दोन्ही सारखीच. तू बायकोजवळ आहेस आणि मनाने कोपऱ्यात उभा राहून स्वतःकडे पाहतो आहेस, तर ते सैल पडणार कसं? अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या दोघांनी १९७० च्या सुमारास हेच मांडलं होतं, की असा पुरुष स्वतःचाच प्रेक्षक होऊन बसतो. हजेरी घेणारा वर्गात बसूच शकत नाही.

आता सकाळचं. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, दर वेळी साधारण अर्धा तास. त्याचा वासनेशी संबंध नाही, तान्ह्या मुलालाही येते. ज्या झोपेत स्वप्नं पडतात त्या झोपेत ती येते, आणि ती झोप पहाटेच्या बाजूला जास्त असते. त्या टप्प्यातून जाग आली तर तुला दिसते, दुसऱ्या टप्प्यातून आली तर दिसत नाही. तुझा तक्ता मी नीट पाहिला, बाबू. सकाळच्या फुल्या कोणत्या दिवसांवर होत्या? रात्रीच्या लाईनच्या. बाराला मोटर सुरू करायला जायचं, पाइप बदलत पहाट करायची, चारला येऊन पडायचं आणि सहाला म्हशीजवळ. ती झोप तुझ्या वाट्याला आलीच नाही, तर तिच्यातली ताठरता कुठून येणार? दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या बरोबरच्या खुणा आहेत. तू मर्द आहेस की नाही याचा नाही, तू महावितरणच्या वेळापत्रकाचा तक्ता केला आहेस. त्यातून जेवढं कळायचं होतं तेवढं कळलं. आता तो खोड.

मधेच उतरते, तेही तुझ्या तक्त्यात होतं. उतरते. कमी होते, पुन्हा येते, सगळ्यांना असंच होतं. एकदा झाल्यावर पुन्हा व्हायला कोणाला पाव तास लागतो, कोणाला दुसरा दिवस, आणि वयाबरोबर हा वेळ वाढतो. कोणाचं सरळ, कोणाचं थोडं एका बाजूला. कापसाच्या वेचणीत पाठ मोडलेली असेल, दारू झाली असेल, मनात सोसायटीचं कर्ज असेल, तर नाहीही होणार. पडद्यापलीकडे आईची खाट करकरते आहे, मधे एकच टिनाचं दार. अशा घरात दोन वेळा नाही झालं याला आजार म्हणत नाहीत.

इतकं चिडून लिहितो, त्याचं कारण मीच आहे.

माझं लग्न १९८५ च्या मे महिन्यातलं. पहिल्या रात्री नाही झालं. घरात अठरा माणसं, बाहेर ओसरीवर बाप्ये जागे. दुसऱ्या रात्री मी पाहत बसलो होतो, होतं का. तिसऱ्या रात्रीही. महिनाभराने मी जत्रेत एका तंबूत गेलो. बाहेर बरण्यांत मुळ्या ठेवलेल्या, आत एका माणसाने माझी नाडी धरली आणि डोळे मिटून म्हणाला, "धातू पातळ झाली." लहानपणच्या हातच्या खेळाने नस दबली म्हणाला. चाळीस दिवसांचं भस्म दिलं. त्यासाठी मी तुझ्या काकूचं डोरलं गहाण ठेवलं, तिला बियाण्यासाठी म्हणून सांगितलं. धातू, म्हणजे वीर्य, गेल्याने कमजोरी येत नाही, हस्तमैथुनाने नस दबत नाही, हे माझ्याच दवाखान्यातले डॉक्टर एका वाक्यात सांगू शकले असते. ते माझ्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत बसत. मी रोज त्यांच्या टेबलावर रजिस्टर ठेवून परत येत असे.

मग मी जागलीच्या नावाखाली मळ्यात झोपू लागलो. चार वर्षं. तुझ्या काकूला बाया वांझ म्हणू लागल्या. तिने सोळा सोमवार केले. तिच्या तपासण्या झाल्या, माझी एकही नाही. हे मी होऊ दिलं. त्या काळी विचारायचं कोणाला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ते अगदी खोटंही नाही. पुरुषाने बोलायची चालच नव्हती. पण ती बोलणी माझ्यामुळे खात होती आणि मी खाली मान घालून जेवत होतो, याला त्या काळाचं नाव देता येत नाही. सुटलो कसा? औषधाने नाही. एका पावसाळ्यात मळ्यातली झोपडी पडली, घरी झोपणं भाग पडलं, आणि कितीतरी रात्री आम्ही नुसतं बोलत राहिलो. मोजणं विसरून गेलो, त्यात झालं.

म्हणून तुझ्या खिशातली ती बाटली दिसली तेव्हा मला तो तंबू दिसला. आता तंबू मोबाइलमध्ये आला आहे, एवढंच. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात पुष्कळदा गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. ते चांगलं औषध आहे, पण डॉक्टरने बघून द्यायचं. तुझे बाबा छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवतात ना? त्या गोळीवर हे पडलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. अशी बाटली घरात उघड्या फळीवर ठेवायची नसते.

आपल्याकडे या विषयावर तोंड उघडणाऱ्यांना काय सोसावं लागलं तेही ठाऊक असू दे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत मासिक चालवून हेच सांगितलं, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. ज्या बोलण्यासाठी बाबासाहेबांनी वकिली केली, ते बोलायला आपण दोघं अंगणात लाजतो.

डॉक्टरकडे कधी जायचं, तेही सांगतो, नाहीतर काकाजीने सगळाच मनाचा खेळ ठरवला म्हणशील. पुरेशी झोप मिळूनही तीन महिने सकाळी, झोपेत, कधीच काही जाणवलं नाही, तर जा. साखर आणि बीपी तपास. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. नळ चोंदायचा तर बारीक आधी चोंदतो, म्हणून पन्नाशीतल्या माणसाला ताठरता न येणं ही कधीकधी हृदयाची आगाऊ सूचना असते. तू सव्वीसचा आहेस, पण दिवसाला सहा खर्रे खातोस. तंबाखू त्याच रक्तवाहिन्या आवळतो. खर्ऱ्यावर मी तुला कधीपासून बोलतो आहे, तिथे मात्र तू हिशेब ठेवत नाहीस. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तुझ्या मामाकडेही आहे. त्या आजारात उलटं होतं: इच्छा नसताना ताठरता येते, दुखते आणि उतरत नाही. चार तासांवर गेलं तर लाज न धरता रात्रीच दवाखाना गाठायचा, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

हे पत्र मी काल तुझ्या काकूला वाचून दाखवलं. डोरल्याचं तिला आजवर ठाऊक नव्हतं. बराच वेळ काही बोलली नाही, तवा घासत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराच्या बायकोले कोनी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. तू विचारलंस का, बाबू? ती सात महिने तुझ्याशेजारी झोपते आहे आणि तू मोबाइल पाठीमागे धरून फुल्या मारतो आहेस. तिला काय वाटत असेल? की तिच्यातच काही कमी आहे. तिला तो तक्ता दाखव, मग तिच्यासमोरच खोड. पंधरा दिवस नुसतं जवळ झोपा, गप्पा करा, आणि त्यापुढे काही करायचंच नाही असं दोघांनी ठरवून ठेवा.

पुढच्या सोमवारपासून तुझ्या फिडरला दिवसाची लाईन आहे, तोवर रात्रीचं ओलित गड्यावर सोप. बाटली फेकू नकोस, लेबलासकट घेऊन ये, ती आपण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवू. तुझी काकू घरात असली तरी आत येऊन बस.

तुझा
काकाजी