वाचकांचे प्रश्न : पाळी चुकण्याच्या आधीची गोळी

प्रश्न : पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा कमरेजवळचा मणका उघडा असल्याचे दिसले. पत्नीचे नाव अडीच महिन्यांची असताना नोंदवले, तेव्हापासून तिने एकही गोळी चुकवली नव्हती. आई म्हणते, ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असे झाले. पुढच्या वेळी काय करावे?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे आईंना सांगा, आणि पत्नीला तर आवर्जून सांगा, कारण तो बोल तिच्याच मनाला लागला असणार. गोळ्या तिने नेमाने घेतल्या. पण त्या सुरू झाल्या तेव्हा मणका उघडा राहून गेलेला होता.

गर्भधारणेनंतर १८-१९व्या दिवशी गर्भाच्या पाठीकडचा पेशींचा थर मधोमध जाड होतो. त्याच्या खाली पृष्ठरज्जू नावाची बारीक कांडी असते. तिच्याकडून आलेल्या रासायनिक संदेशांमुळे या पेशी त्वचा न होता मेंदू आणि मज्जारज्जू होण्याच्या वाटेला लागतात. मग पट्टीला मधोमध खाच पडते आणि दोन्ही कडा वर उचलल्या जातात. आपली सोलापुरी चादर लांबीत दुमडून दोन्ही काठ एकमेकांना शिवले तर जशी नळी होईल, तशीच ही चेतानलिका. शिवण २२व्या दिवशी सुरू होते, तीही टोकाकडून नाही तर मानेच्या जागी, आणि तिथून डोक्याकडे व कमरेकडे सरकते. वरचे तोंड साधारण २५व्या दिवशी मिटते, खालचे २८व्या. तेव्हा अख्खा गर्भ मालदांडी ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा, चार-पाच मिलिमीटरचा असतो.

वरचे तोंड उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. ते बाळ जगत नाही. खालचे राहिले तर तुमच्या बाळात दिसला तो दोष. तिथला मज्जारज्जू उघड्यावर पडून बिघडतो, म्हणून पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो. पुष्कळदा डोक्यातही पाणी साठते.

आता दिवस मोजून पाहा. पाळी २८ दिवसांची असेल तर हा २८वा दिवस पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी येतो. दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत नळी मिटून गेलेली असते. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, पण ती चौथ्या महिन्यापासून, रक्तवाढीसाठी. ती जरूर घ्यावी. नळीसाठी मात्र तिला उशीर झालेला असतो.

फोलिक ॲसिड कशाला लागते? या दिवसांत पेशी झपाट्याने दुप्पट होत असतात, आणि दर वेळी डीएनएची नवी प्रत तयार करायला फोलेट लागते (फोलिक ॲसिड हे त्याचेच गोळीतले रूप). म्हणून मूल हवे असणाऱ्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यावी. तुमच्या पत्नीला एवढी पुरणार नाही. एका बाळात असा दोष असेल तर पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर हे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच घ्या. ४०० मायक्रोग्रॅमवाल्या मल्टिव्हिटॅमिनच्या दहा-दहा गोळ्या खाऊन हिशेब जुळवू नका. त्यातले जास्तीचे अ जीवनसत्त्व गर्भाला घातक ठरते. सुरू करण्याआधी बी-१२ आणि साखर तपासा. घरी मांस-मासे नसतील तर बी-१२ बहुधा कमीच निघते. ते कमी असणे आणि ताब्यात नसलेला मधुमेह, दोन्हींमुळे हा धोका वाढतो.

मेथी, पालक, हरभरा जरूर खा. पण फोलेट पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. भाजी उकडून पाणी फेकले की ते पाण्याबरोबर गेले, म्हणून भाजी गोळीची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : मला फिट येतात, व्हॅल्प्रोएट चालू आहे. लग्न ठरले आहे. गोळी बंद करू का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, एकाएकी थांबवल्यास लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते. पण या औषधाने मणका उघडा राहण्याचा धोका शंभरात एक-दोन इतका वाढतो, शिवाय मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होतो. मेंदूविकारतज्ज्ञांना लग्नाआधीच भेटा. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम चालेल का ते विचारा. औषध बदलायला काही महिने लागतात, तोवर दिवस राहू देऊ नका.

प्रश्न : भाच्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नाहीत असे सांगितले. हे कसे होते?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : वर सांगितलेली नळी मिटताना तिच्या काठांवरच्या काही पेशी सुटून प्रवासाला निघतात. चेहऱ्याची हाडे, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्यातल्या चेतापेशी त्यांच्यापासूनच बनतात. आतड्यात त्या वरून खाली सरकत सातव्या आठवड्याच्या सुमारास गुदद्वारापर्यंत पोहोचतात. वाटेत थांबल्या तर पुढचा भाग आकसलेला राहतो आणि मळ वर तुंबतो. जन्मानंतर ४८ तासांत काळी शी न होणे ही पहिली खूण. निदान गुदाशयाचा छोटा तुकडा तपासून पक्के होते. शस्त्रक्रियेत चेतापेशी नसलेला भाग काढून वरचे चांगले आतडे खाली आणून जोडतात. पोट फुगले, हिरवी उलटी झाली किंवा ताप येऊन घाण वासाचे जुलाब लागले, तर बाळाला त्याच घटकेला रुग्णालयात न्या, मग ते शस्त्रक्रियेआधी असो वा नंतर.