फुलं खालून वर चढतात, तुम्हीही तसंच पळा

पळण्याबद्दल यावेळी आलेल्या पत्रांतली ३ एकाच खोऱ्याबद्दल निघाली. स्पेनच्या पश्चिमेला एक्स्त्रेमादुरा प्रांतात हेर्ते नदीचं खोरं आहे, त्याबद्दल. (नकाशावर स्पेलिंग जे-ने सुरू होतं पण उच्चार ह-ने, बस स्टँडवर विचारताना हे लक्षात ठेवा.) मी तिथे २ वेळा पळायला जाऊन आलेय आणि जीव अडकलाय त्या खोऱ्यात, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न: मी साताऱ्याची, वय ५१, सातारा हिल हाफ मॅरेथॉन ३ वेळा पळलेय. मुलगी माद्रिदला शिकतेय, मार्चच्या शेवटी तिच्याकडे जाणार आहे. हेर्तेला चेरीचा बहर असतो म्हणे, तिथे ४ दिवस राहून रोज १०-१२ किमी पळायचंय. कुठे राहू, कुठून पळू आणि फुलं नक्की कधी असतात?

उत्तर: ताई, नक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही, तिथले शेतकरीसुद्धा नाही. साधारण मार्चचा शेवट ते एप्रिलचा दुसरा आठवडा असं धरा, थंडी लांबली तर फुलं उशिरा आणि ऊन लवकर पडलं तर आधी. एका बागेत बहर जेमतेम ८-१० दिवस टिकतो, मध्ये पाऊस-वारा झाला तर तेवढाही नाही. पण तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की खोऱ्यात चेरीची झाडं दहा लाखांच्या वर आहेत आणि सगळी एकदम फुलत नाहीत, आधी नदीकाठची खालची फुलतात मग बहर हळूहळू डोंगर चढत जातो. म्हणजे खाली पाकळ्या गळायला लागल्या की वरच्या गावांत नुकत्या कळ्या उमलत असतात. म्हणून पळायचा रूट आधीपासून पक्का करू नका, पोचल्यावर बाल्कनीतून समोरचा उतार बघा आणि पांढरा पट्टा ज्या उंचीवर दिसतोय तिथे दुसऱ्या दिवशी पळा.

राहायला काबेसुएला देल वाये बरं, खोऱ्याच्या साधारण मधोमध आहे, लाकडी सज्जांची जुनी घरं, अरुंद बोळ आणि खालून नदी. जागा मात्र आत्ताच बघा, बहरात सगळं भरतं. हे खोरं नकाशावर बघाल तर पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखं सरळ दिसेल, कारण नदी एका मोठ्या भ्रंशरेषेवरून (खडकातल्या लांबच लांब भेगेवरून) वाहते, पोर्तुगालमधून येणारा तो भ्रंश शेकडो किलोमीटर लांब आहे. पळणाऱ्याला याचा उपयोग काय, तर चुकायला होत नाही. खाली नदी आणि एन-११० हा हमरस्ता, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यातून वर जाणारे शेतातले सिमेंटचे छोटे रस्ते. यातला एखादा धरायचा, ५ किमी वर जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. साताऱ्याचा यवतेश्वर घाट पायाखालचा असलेल्या बाईला हे अवघड नाही, उतरताना गुडघे सांभाळा एवढंच. एन-११० वर मात्र पळू नका, बहराच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि कडेला पळायला धड जागा नाही.

एक सकाळ एल तोर्नोसाठी ठेवा. ते गाव पलीकडच्या उतारावर बरंच उंच आहे, मुलीला गाडीनं सोडायला सांगा आणि तिथून आडव्या रस्त्यानं रेबोयार गावाच्या दिशेनं पळा, अख्खं खोरं खाली पसरलेलं दिसतं. गावाबाहेर दरीच्या कडेला माणसांचे पुतळे उभे आहेत, स्पेनच्या यादवी युद्धात आणि नंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ज्यांना विसरायला लावलं त्यांच्या आठवणीसाठी २००९ मध्ये उभारलेले. उभारल्यावर काही दिवसांतच कोणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मी तिथे पोचले तेव्हा दम लागलेला होता, मागे सगळी फुलं आणि पुढे ते पुतळे, वॉच बंद केलं आणि बराच वेळ नुसती उभी राहिले.

चढाची खरी हौस असेल तर पिओर्नाल. एक्स्त्रेमादुरातलं सगळ्यात उंच गाव, सुमारे ११७५ मीटर. स्पेनच्या २०२२ च्या वुएल्ता सायकल शर्यतीचा १८वा टप्पा या चढावर संपला होता, रेमको एवेनेपूलनं जिंकला तो. खालून वाल्दास्तियास गावाकडून वळणावळणाचा डांबरी रस्ता जातो, पूर्ण नको, अर्धा चढलात तरी पोट भरेल. शिवाय खालचा बहर संपला असेल तर इथे मिळायची शक्यता असते.

वेळेचं एक महत्त्वाचं. आपल्याला पहाटे साडेपाचला बाहेर पडायची सवय, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं १ तास पुढे जातात आणि मग सूर्य उगवतो सकाळी ८ नंतर! तेव्हा निवांत उठा, साडेआठला निघा, परत आल्यावर कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट खा. गारठा असतो, हातमोजे न्या.

आणि कळकळीनं सांगते, बागा लोकांच्या आहेत. छोटी छोटी घरची शेतं, दगडी बांध पिढ्यान्‌पिढ्या रचलेले. फोटोसाठी बांधावर चढायचं नाही, फांदी ओढायची नाही. कासला फुलं तुडवणारे बघून तुम्हाला जे वाटत असेल ना तेच तिथल्या शेतकऱ्याला वाटतं.

प्रश्न: मूळ नागपूरचा, ३ वर्षं माद्रिदला नोकरी. हेर्ते खोऱ्यातल्या तोर्नावाकासपासून डोंगरापलीकडच्या हारान्दियापर्यंतची कार्लोस पाचव्याची वाट ऑक्टोबरमध्ये एका दमात पळायची आहे. रोड मॅरेथॉन २ केल्यात. जमेल का?

उत्तर: जमेल, पण रस्त्यावरच्या मॅरेथॉनचा पेस (पळायचा वेग) डोक्यातून काढून टाका. अंतर २७-२८ किमीच्या आसपास, पण सुरुवात ८७० मीटर उंचीच्या जवळपास आणि खिंड १४०० च्या वर, मध्ये ओढ्यापर्यंत उतरून परत चढायचं, पायाखाली ग्रॅनाइटचे धोंडे. चालणाऱ्यांचा पूर्ण दिवस जातो. १५५६ च्या नोव्हेंबरमध्ये सम्राट कार्लोस राज्य सोडून युस्तेच्या मठाकडे निघाला तेव्हा याच डोंगरातून गेला, गाउटनं (सांधे सुजवणाऱ्या आजारानं) पाय इतके धरलेले की माणसांनी त्याला खांद्यावर वाहून नेलं. मठातली जागा तयार नव्हती म्हणून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हारान्दियाच्या किल्ल्यात राहिला, तो किल्ला आता सरकारी हॉटेल आहे. १५५८ मध्ये युस्तेलाच वारला.

मी ही वाट मे महिन्यात एकटीनं करायला गेले होते, खिंडीजवळ धुकं उतरलं आणि दगडावरच्या खुणा दिसेनाशा झाल्या. अर्धा-पाऊण तास एका जागी बसून राहिले, धुकं हटेना, मग आलेल्या वाटेनं परत फिरले. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, तुम्हीही तसंच करा. रंगाच्या खुणा शिकून घ्या, पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पांढरा-पिवळा मध्यम, पांढरा-हिरवा गावाजवळची छोटी, आणि फुली दिसली की ती आपली वाट नाही. फोनमध्ये ट्रॅक ऑफलाइन ठेवा, डोंगरात रेंजचा भरवसा नाही, इमर्जन्सीला ११२. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ मागे जायच्या आधी सूर्य साडेआठनंतर उगवतो त्यामुळे दिवस वाटतो त्यापेक्षा लहान. शिकारीचा सीझनही तेव्हा चालू असतो, वाटेवर शिकारीची पाटी दिसली तर सरळ मागे फिरा आणि कपडे भडक रंगाचे घाला. गुरांची फाटकं उघडलीत की लावून घ्या. हारान्दियाहून तोर्नावाकासला गाडीनं यायचं तर डोंगराला मोठा वळसा पडतो, परतीची सोय आधी करून ठेवा.

पण महिना छान निवडलात. वरती ओक आणि चेस्टनट पिवळे-तांबूस झालेले असतात आणि पलीकडे ला वेराच्या खोऱ्यात उतरलात की धुराचा वास येतो, तिथे त्या दिवसांत लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर १०-१५ दिवस सुकवतात आणि मग दळतात. त्याची एक डबी घ्याच, वऱ्हाडी रश्श्याला झणका येणार नाही पण वास घरभर राहील.

प्रश्न: जूनमध्ये मुलगा (९) आणि सासूबाईंना घेऊन जातोय. लोस पिलोनेसला मुलासोबत हळू पळत जाता येईल का? पाण्यात उतरता येतं का? झाडावरच्या चेऱ्या खाता येतात का?

उत्तर: लोस पिलोनेस म्हणजे आपल्या निघोजला कुकडीत आहेत तसे रांजणखळगे, वाहत्या पाण्यानं खडकात कोरलेले गोल खड्डे, फक्त तिथे काळा बेसॉल्ट आणि इथे फिकट ग्रॅनाइट. ‘नरकाची घळ’ असं भयंकर नाव असलेल्या अभयारण्यात आहेत, जागा मात्र फार सुंदर. हेर्ते गाव आणि काबेसुएलाच्या मध्ये माहिती केंद्र आहे, तिथून एका बाजूनं साधारण ३ किमी, आधी चढ मग उतार. मुलगा आरामात येईल, चढावर चालू दे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना गावात नदीकाठी सावलीत बसवा. जूनमध्ये दुपारी ऊन फार तापतं, सकाळीच जाऊन या. पाण्यात लोक उतरतात, पण ते डोंगरावरचं गार पाणी आणि खडक शेवाळानं निसरडे, मुलाचा हात सोडू नका, उड्या तर अजिबात नको.

झाडावरच्या चेऱ्या नाही, कोणी हातात ठेवल्या तरच. गावातून विकत घ्या. पिकोता नावाची मागवा, ती देठाशिवाय विकतात. तोडतानाच देठ झाडावर राहतो आणि फळ हातात येतं, त्यामुळे बिनदेठाची बघून शिळी समजू नका.