वाचकांचे प्रश्न : बेसबॉल पंचांचे मंडळ कसे चालवावे?

प्रश्न : सोलापूर शहरात बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या सामन्यांना हौसेने पंच म्हणून उभे राहणारे आम्ही काही जण आहोत. बहुतेक जण क्रीडाशिक्षक, तर काही माजी खेळाडू. आजवर आयोजक ज्याला फोन लावत तो जाई; त्यामुळे अनेकदा खेळणाऱ्या शाळेचेच शिक्षक पंच असतात आणि सामना संपला की पालकांची भांडणे सुरू होतात. आता पंचांचे स्थानिक मंडळ स्थापन करायचे ठरले आहे. सुरुवात घटनेपासून करावी, नोंदणीपासून की गणवेशापासून? – एक क्रीडाशिक्षक, सोलापूर

उत्तर : या तिन्हींच्या आधी नेमणुकीची पद्धत ठरवावी. कोणत्या सामन्याला कोण उभा राहणार हे आयोजकांनी किंवा संघांनी नव्हे, तर मंडळाने ठरवायचे, एवढी एक गोष्ट रुळली तरी आपल्याकडील निम्मी भांडणे उद्भवणारच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक सभासदाकडून लेखी माहिती घ्यावी : आपण कोठे नोकरीस आहात, कोणत्या संघाला किंवा वर्गाला शिकवता, घरातील कोणी कोणत्या संघातून खेळते काय, आणि कोणत्या वारी मोकळे असता. ही माहिती समोर ठेवूनच नेमणूक प्रमुखाने पंच नेमावेत आणि ती यादी सामन्यापूर्वी दोन्ही संघांना दिसेल अशी लावावी. आक्षेप असेल तर तो पहिला चेंडू पडण्यापूर्वी नोंदवायचा, निकाल लागल्यानंतर नव्हे.

नेमणूक प्रमुख स्वतःही कुठल्यातरी शाळेत शिक्षक असणार, हे आपल्यासारख्या शहरात गृहीतच धरावे लागते. म्हणून दोन नेमणूक प्रमुख असावेत आणि एकाची शाळा मैदानात असेल त्या दिवशी दुसऱ्याने नेमणुका कराव्यात. अंतिम सामन्यांसाठी बार्शी किंवा पंढरपूरचे पंच बोलवावेत. दोन्ही गावे सुमारे ७० किलोमीटरवर आहेत, एस.टी.ने सकाळी निघून दुपारचा सामना करता येतो. त्यांच्या स्पर्धांना आपले पंच गेले की खर्चाची फिटंफाट होते.

हे सारे इतक्या कसोशीने करण्याचे कारण मुलांच्या भवितव्याशी निगडित आहे. शालेय स्पर्धेत जिल्ह्याचा विजेता पुणे विभागाच्या फेरीत जातो आणि तेथून राज्यस्तरावर. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण या प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या टप्प्यावरचा, एक चुकीचा ‘आऊट’ एखाद्या मुलाची ही वाट तेथेच थांबवू शकतो, आणि म्हणूनच पालकांचा संताप मला अनाठायी वाटत नाही. निर्णय चुकला तरी तो प्रामाणिक होता, अशी त्यांची खात्री पटेल अशी व्यवस्था आपण त्यांना दिली पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे एका सामन्याला दोनच पंच मिळतात. प्लेटमागचा (फलंदाजाच्या जागेमागचा) पंच आणि बेसवरचा पंच यांनी मैदान कसे वाटून घ्यावे? सराव कोठे आणि कसा करावा? – एक माजी खेळाडू, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : दोन पंचांची पद्धत जगभर हौशी सामन्यांत वापरली जाते आणि ती नीट बसवली तर पुरेशी पडते. बेसवर कोणीही रनर (धावणारा खेळाडू) नसताना बेस पंचाने पहिल्या बेसमागे, फाऊल रेषेच्या, म्हणजे खेळाची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या, बाहेर उभे राहावे. पहिल्या बेसवर रनर आला की त्याने चार बेसच्या चौकोनाच्या आत, पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) उंचवटा आणि दुसरा बेस यांच्या मध्ये, पहिल्या बेसकडच्या अंगाला यावे. रनर दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर असेल तर तेथूनच तिसऱ्या बेसकडच्या अंगाला सरकावे. पहिल्या बेसवरचा रनर फटक्यावर थेट तिसऱ्याकडे धावला तर तिसऱ्या बेसचा निर्णय प्लेट पंचाचा असतो, आणि बहुतेक गोंधळ नेमका येथेच होतो, कारण दोघेही दुसऱ्याकडे पाहतात किंवा दोघेही हात वर करतात. प्लेट पंचाने धावत येतानाच ‘तिसरा माझा’ असे मोठ्याने सांगावे. सामन्यापूर्वी पाच मिनिटे दोघांनी बाजूला उभे राहून हे एकमेकांना बोलून दाखवणे मंडळाने सक्तीचे करावे.

पहिल्या बेसवरचा निर्णय हा तर रोजच्या सरावाचा विषय आहे. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटेपर्यंत पंचाची नजर चेंडूवर असते; फेक सरळ येते आहे असे दिसताच नजर बेसवर जाते आणि तेथेच थांबते. पाय बेसला लागताना डोळ्यांनी पाहायचा आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी टिपायचा. आवाज आधी आला तर आऊट, पण चेंडू ग्लव्हमध्ये पक्का धरला आहे हे पाहिल्याशिवाय हात वर जाता कामा नये. आपल्याकडे शालेय सामन्यांत मुले रेषेला खेटून ओरडत असतात आणि हा आवाज त्या कल्लोळात बुडतो. म्हणून प्रेक्षकांना रेषेपासून मागे हटवल्याशिवाय सामना सुरू करू नये. ही शिस्तीपेक्षा निर्णयाच्या अचूकतेची बाब आहे.

सरावाला चेंडू-बॅट लागतेच असे नाही. शहरातील ‘होम मैदान’ या मैदानावर सकाळी चुन्याच्या रेषा आखून चार जणांनी रनर व्हावे, एकाने परिस्थिती सांगावी आणि दोन पंचांनी जागा बदलत राहावे. (जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे ते मैदान मिळत नाही, त्या दिवसांत एखाद्या महाविद्यालयाला विनंती करावी.) बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट आहे, सॉफ्टबॉलमध्ये ६०. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नसतो, तर बेसबॉलमध्ये तो आधीच चार पावले पुढे सरकून उभा असतो, त्यामुळे पिचरच्या फसव्या हालचालींवर, म्हणजे ‘बॉक’वर, लक्ष ठेवावे लागते. सॉफ्टबॉलमध्ये मुरलेला पंच बेसबॉलच्या पहिल्याच सामन्यात अडखळतो तो या कारणाने. त्याला आधी अनुभवी पंचाच्या जोडीने उभे करावे.

एक सूचना खास आपल्या शहरासाठी. येथे खेळाडूंशी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चारही भाषांत सहज बोलले जाते आणि एरवी ती आपली श्रीमंती आहे. सामना सुरू असताना मात्र दोन्ही कर्णधारांना समजेल त्याच भाषेत बोलावे. एका कर्णधाराशी दोन वाक्ये त्याच्या घरच्या भाषेत झाली, तर ती कितीही निरुपद्रवी असोत, दुसऱ्याच्या मनात शंका येणारच.

प्रश्न : पालकांची लेखी तक्रार आली तर मंडळाने निर्णय फिरवावा का? – एक सभासद

उत्तर : नाही. चेंडू स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा) होता की बॉल (पिचरविरुद्ध मोजला जाणारा), रनर सेफ होता की आऊट, फटका फेअर (हद्दीतला) होता की फाऊल (हद्दीबाहेरचा), हे पंचाच्या दृष्टीचे निर्णय आहेत आणि नियमांनुसार ते अंतिम आहेत. नियमाचाच चुकीचा अर्थ लावला गेला असेल तर संघाच्या व्यवस्थापकाला दाद मागता येते, मात्र ती निर्णय देणाऱ्या पंचाकडेच; आणि त्या पंचाने स्वतःहून विचारल्याशिवाय सहकाऱ्याने त्याच्या निर्णयात हस्तक्षेप करायचा नसतो. सामन्याचा निकाल हा स्पर्धेच्या तांत्रिक समितीचा विषय आहे. मंडळाने पाहायचा तो पंच : तो योग्य जागी उभा होता काय, सहकाऱ्याला विचारण्याची संधी असताना त्याने ती घेतली काय, त्याची भाषा कशी होती. तक्रारदाराला लेखी उत्तर अवश्य द्यावे, भले ते चार ओळींचे असो. पंचाशी मात्र चार भिंतींच्या आत बोलावे. त्याला सर्वांसमक्ष बोल लावणारे मंडळ लवकरच पंचांविना राहते.

प्रश्न : मानधन कोणाकडून घ्यावे? – एक सभासद

उत्तर : आयोजकांकडून, सामन्यापूर्वी, मंडळाच्या खजिनदारामार्फत आणि पावती देऊन. कोणत्याही संघाच्या हातून पंचाने पैसे, भेटवस्तू किंवा सामन्यानंतरचे जेवणही घेऊ नये. दर आधी जाहीर असावा. प्लेटमागच्या पंचाला थोडे अधिक द्यावे. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिन गार्ड अंगावर चढवून सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात उभे राहणे काय असते, हे ज्याने केले आहे तोच जाणतो. एकाला सलग दोन सामने प्लेटमागे देऊ नयेत, आणि उन्हाळ्यात पहिला सामना सकाळी सातला सुरू करण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : नोंदणी आवश्यक आहे का? – एक सभासद

उत्तर : पहिल्या हंगामात नसली तरी चालेल, पैशांचे व्यवहार वाढले की करावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सभासद लागतात, आणि पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्यानंतर हिशेबांचे लेखापरीक्षण दरवर्षी करावे लागते आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक क्रीडा संस्था येथेच ढिलाई करतात आणि पुढे वाद झाला की जुनी कार्यकारिणी खरी की नवी, हेच ठरत नाही. घटनेत दोन कलमे आवर्जून घालावीत : मंडळ स्वतः स्पर्धा भरवणार नाही, आणि नेमणूक प्रमुख जिल्ह्याच्या कोणत्याही संघनिवड समितीवर असणार नाही.