तांदळात लिहिलेलं नाव

पाचवा महिना लागलाय, नवरा जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला लागून दोन महिने झाले, व्हिसा हातात आहे आणि आई म्हणतेय की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. जाऊ का थांबू, गेले तर तिकडे तब्येत कशी सांभाळू, आणि एकटं वाटतं का, एवढंच विचारलंयस. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. उत्तर लांबणार आहे. कुकर लावून लिहायला बसले होते, तीन शिट्ट्यांच्या सात झाल्या.

व्हिसा, पत्त्याची नोंदणी, विमा हे दूतावासाच्या पानांवर नीट दिलेलं आहे, ते मी परत उगाळत नाही. विम्याचं फक्त एक सांगते. पगार चांगला आहे म्हणून कुणी नवऱ्याला खासगी विमा गळ्यात मारत असेल, तर आत्ता नको. सरकारी पद्धतीच्या विम्यात नोकरी नसलेली बायको वेगळा हप्ता न भरता बसते. खासगीत बाळंतपणासाठी सहसा आठ महिने थांबायची अट असते, आणि तुझ्याकडे आठ महिने कुठे आहेत?

आता जे कुणी सांगत नाही ते. तुझा जन्मदाखला कपाटातून काढ आणि नावाच्या रकान्यात काय आहे ते बघ.

माझ्यात काहीच नव्हतं. नगरपालिकेच्या नोंदीत वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, ‘स्त्री’, आणि नावाची जागा कोरी. आमच्या वयाच्या कितीजणींचं तसंच आहे; बारसं व्हायच्या आधी नोंद झाली, नंतर कुणी फिरकलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. मग गॅझेट केलं आणि पासपोर्टवर तेच तांदळातलं नाव आलं. सांगलीत कुणाला यात काही वावगं वाटलं नाही.

इथे जर्मनीत बाळाची जन्मनोंद करणाऱ्या कार्यालयाला श्टांडेसआम्ट म्हणतात. जन्मानंतर आठवड्याच्या आत कळवायचं असतं, ते हॉस्पिटलच करतं. पण दाखला देण्याआधी ते आईबापांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात, शपथबद्ध भाषांतरासकट. आमच्या समोरच्या बाई अत्यंत सभ्य होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले: एका कागदावर बिननावाची मुलगी, दुसऱ्यावर एक विद्यार्थिनी, तिसऱ्यावर एक बायको. यातली बाळाची आई कोणती? नवऱ्याने त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये तांदळाचं समजावलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तांदळात?”

आपल्याकडचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार लावतं तो शिक्का, इथे चालत नाही, कारण भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतलेली आहे. मग कागद खरे आहेत का, याची चौकशी जर्मन वकिलातीमार्फत भारतात होते. त्यांचा वकील प्रत्यक्ष जाऊन नोंदी तपासतो, खर्च आपला. आमच्या वेळी तो शाळेत जाऊन जुनं रजिस्टर बघून आला, वडिलांना दोन प्रश्न विचारून आला. आप्पा अजून सांगतात, “पोरीचं स्थळ बघायला आल्यासारखा बसला होता.” याला अकरा महिने लागले.

तोवर बाळाला जन्मदाखला नाही. त्याऐवजी नोंदवहीचा एक उतारा देतात. कायद्याने त्याला दाखल्याइतकंच वजन असतं म्हणे, पण त्यावर माझ्या नावापुढे एक ओळ होती: आईची ओळख सिद्ध झालेली नाही. बावीस तास कळा दिल्या होत्या मी. टाके ओले होते, दूध गळून ब्लाउज भिजलेला, आणि मांडीवर जी होती तिची आई मी असल्याचं सिद्ध व्हायचं होतं. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. आमच्याकडे आली असेल तर तिच्याकडेही कागद मागितले असतील. त्या उताऱ्यावर दुसऱ्या एका खिडकीत पासपोर्टचा अर्ज पुढे सरकेना, म्हणून लेक चौदा महिन्यांची होईपर्यंत आप्पांनी तिला फक्त फोनवर पाहिलं. त्यांनी सागवानी पाळणा करून घेतला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा ती चालत होती.

म्हणून, जाणार असशील किंवा नसशील, या आठवड्यात नगरपालिकेत जा. नाव चढवून मिळतंय का, इंग्रजीतला दाखला मिळतो का, ते विचार. नवऱ्याचाही काढ. बाळाची नोंद जिथे होईल त्या कार्यालयाला तुमची कागदांची यादी नवऱ्याने आत्ताच मेल करून विचारू दे. प्रत्येक गावाचं वेगळं असतं. कुणाचं दोन आठवड्यांत झालंय.

आता तब्येत. प्रवास करायचा तर सातवा महिना भरायच्या आत कर. २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या बहुधा डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि पुढे तर चढूच देत नाहीत. तुझ्या डॉक्टरांना विचारून पायात घट्ट मोजे घाल, कडेची जागा घे, दर तासा-दीड तासाने उठून चाल. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि बसून राहिलं की अजून. सगळे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव.

इथे स्त्रीरोगतज्ज्ञ तुला एक निळसर पुस्तिका देईल, मुटरपास. रक्तगट, हिमोग्लोबिन, वजन, सगळं त्यात. ती पर्समधून काढायचीच नाही. ठरलेल्या सोनोग्राफी तीनच असतात, तेव्हा दर भेटीला केली नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी आहे असं समजू नकोस. मी समजले होते.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्यासारखी गडबडणार नाहीस. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला डॉक्टर पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, मुलगी आहे. मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने जे सांगणं गुन्हा आहे, ते इथे हवामान सांगावं तसं सांगतात. नको असेल तर आधीच सांगून ठेव. मी घरी येऊन उत्साहाने सांगलीला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, “असू दे.” त्या वाईट नाहीत, लेकीवर जीव टाकतात आज. पण ते “असू दे” माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते, ती चुकवू नकोस. आपल्या लोकांत गरोदरपणातला मधुमेह जास्त सापडतो, माझ्यातही सापडला. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं: उपाशी ९५च्या आत, जेवणानंतर तासाने १४०च्या आत. आहारतज्ज्ञ बाईंनी काळ्या पावाचं आणि क्वार्क नावाच्या चक्क्याचं पत्रक दिलं. मी ते फ्रिजला लावलं आणि पोळी, घट्ट वरण, उसळ, काकडीची कोशिंबीर असं स्वतःचं गणित बसवलं. संकष्टीला वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तासाने १७२! बाप्पाला तिथेच सांगितलं, आता नऊ महिने भरेपर्यंत उपास तुझ्याकडे. जेवणानंतर वीस मिनिटं चालल्याने मला सगळ्यात फरक पडला, बर्फातसुद्धा. बूट चांगले घे.

शाकाहारी असशील तर बी-१२ आणि लोह तपासून घे, हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाचं विचार. कच्च्या दुधाचं चीज इथे सर्रास मिळतं, ते टाळायचं. पाकिटावर ‘रोमिल्श’ लिहिलेलं असतं. डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, एकदम सूज, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट शोधत बसू नकोस. थेट प्रसूतिकक्ष गाठ, नाहीतर ११२ फिरव. रात्री दोन वाजता गेलीस तरी कुणी हसत नाही.

हेबामे म्हणजे सुईण. शिकलेली, परवानाधारक, आणि घरी येणारी. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोजसुद्धा येऊ शकते, पैसे विमा देतो. पण मिळणं कठीण, म्हणून नवऱ्याला आजपासून फोन करायला लाव. माझा अकरावा फोन लागला. तिच्याकडचा किंवा हॉस्पिटलचा बाळंतपणाच्या तयारीचा वर्गही कर. श्वास, कुशीवर कसं झोपायचं, चेंडूवर बसून कमरेला आराम कसा द्यायचा हे शिकवतात. शिवाय चार शब्द पाठ कर: वेहे म्हणजे कळ, आत्मेन म्हणजे श्वास घे, प्रेसेन म्हणजे जोर लाव, निश्त प्रेसेन म्हणजे आत्ता लावू नकोस. शेवटच्या दोनांत गोंधळ परवडत नाही. पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनचे कागद आठव्या महिन्यातच वाचून घे. कळा सुरू असताना जर्मन फॉर्म वाचून सही करणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. कामाला लागलं की जातो. पुढे.

क्राइसझाल, म्हणजे प्रसूतिकक्ष. उजेड मंद, छताला टांगलेलं कापड धरून लोंबकळायला, गरम पाण्याचा टब. नवरा आत असतो आणि त्याला काम लावतात. घाई कुणी करत नाही, हे चांगलं, पण बावीस तासांत मला वाटलं की विसरलेत. अठराव्या-एकोणिसाव्या तासाला तिथली सुईण मला हाक मारत होती, पासपोर्टवरच्या नावाने, आणि मला कळतच नव्हतं की ती मला बोलावतेय. ते नाव तेव्हा माझ्यापर्यंत पोहोचेना. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने एकदा तेच नाव घेतलं, मग थांबला, आणि माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी डोळे उघडले. यावर आम्ही नंतर कधी बोललो नाही.

संध्याकाळी ताटात गार पाव, चीज आणि लोणच्याची काकडी आली. ओल्या बाळंतिणीला! नवऱ्याला थर्मास देऊन ठेव, मऊ भात आणि साजूक तूप. तूप तिकडून आणू नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. इथे ‘बुटरश्माल्त्स’ नावाने दुकानात मिळतं आणि कढवलेल्या लोण्याचंच असतं. शेपू ताजा मिळतो. हाळीव म्हणजे यांची क्रेसे; ही मंडळी कापसावर पेरून तिची पानं पावावर खातात. फक्त खाण्यासाठीचं बी घे, शेतीचं नको, आणि लाडू बाळंतपणानंतरच. औषधाच्या दुकानात दूध येण्यासाठीचा चहा मिळतो. पाकीट उघडलं तर बडीशेपेचा वास! ओवा आणि बाळंतशोपा तेवढ्या आण.

आईचा व्हिसा लांबला, ती बाळ पाच आठवड्यांचं झाल्यावर आली. तुझ्या आईचा अर्ज लवकर करा, आणि १८० दिवसांत ९०च दिवस राहायला मिळतात, ते बाळाच्या जन्माआधी खर्चू नका. त्या पाच आठवड्यांत हेबामेच येत होती. साठीची बाई, सायकलवरून, जानेवारीत. पहिल्याच दिवशी आत येऊन तिने खिडकी सताड उघडली. मी कानाला रुमाल बांधून बसले होते, म्हटलं, वारं लागेल. ती म्हणाली, हवा लागेल. रोज भांडलो. ती फडक्यात बाळाला टांगून वजन करायची, टाके बघायची आणि जाताना वहीत नोंद करायची. एकदा वही उघडी राहिली. माझ्या पानावर वर पासपोर्टचं नाव होतं, ते खोडून तिने माहेरचं लिहिलं होतं. नवऱ्याने सांगितलं असणार. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. कशासाठी, नक्की सांगता येणार नाही. एकटेपणाचं वर दोन शब्दांत उरकलं ते तसं नाहीये, पण त्यावर आत्ता नको.

तर, जाऊ का थांबू? तिकडे थांबलीस तर आईच्या हातचं मिळेल, तेलपाणी, शेकशेगडी सगळं. पण बाळाचा पासपोर्ट, व्हिसा होईपर्यंत बापाला ते दिसणार नाही. मी थांबले नाही. सगळ्यांना सांगितलं, नवरा एकटा पडेल. खरं म्हणजे आई आणि सासूबाई यांच्या मानपानातून सुटायचं होतं. आईला हे माहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर आलेच असते, पण कागद घेऊन.

दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढ. आणि तुझं नाव लग्नात बदललंय का, ते तू लिहिलेलं नाहीस. ते आधी कळव.