घाट बंद असेल तर परतवाड्यातला एक दिवस

ताई, तुमची अडचण वाचली. मेळघाटात धारणीच्या पुढच्या शाळेवर परवा शिक्षिका म्हणून हजर व्हायचंय, सोबत आई आणि दहा वर्षांची मुलगी आहे, घटांगच्या अलीकडे दरड आल्याने गाड्या सुटत नाहीत. उद्या सकाळपर्यंत परतवाड्यात काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी आरोग्य खात्यात होतो. अकरा वर्षं याच रस्त्याने धारणीला ये-जा केली. श्रावण-भादव्यात चार-पाच वेळा तरी असाच अडकलो. पहिल्या दोन खेपा स्टँडच्या बाकड्यावर बसून घालवल्या, त्याची हळहळ अजून वाटते. तिसऱ्या खेपेला चहावाल्या काकांनीच हटकलं, "सायेब, गाडी काई आज निंगत नाई. अचलपूर पाहून या ना!"

आधी एक गोष्ट. कुणी काळी-पिवळीवाला (वडाप जीपवाला) आडवाटेने नेतो म्हणाला तर आई आणि लेकराला घेऊन बसू नका. सिपना नदीला पूर आला की रपटे, म्हणजे रस्त्यावरचे बुटके पूल, पाण्याखाली जातात, आणि मध्येच अडकलात तर फोनलाही रेंज नसते. मी एकदा ती रात्र काढली आहे. लॉज परवडला.

आता अचलपूर. परतवाड्याला लागूनच आहे, ऑटोने पाच-दहा मिनिटांत पोचाल. परतवाडा म्हणजे छावणीचं, लाकडाच्या व्यापाराचं गाव. जुनं गाव ते अचलपूर, इंग्रजांचं एलिचपूर. महानुभाव पंथाच्या जुन्या लेखनात याचंच नाव अळजपूर. तेराव्या शतकात त्या पंथाचे चक्रधरस्वामी इथे राहून गेले. तुम्ही मराठी शिकवणार आहात, म्हणून मुद्दाम सांगतो. जिच्यात त्यांच्या आठवणींचं 'लीळाचरित्र', म्हणजे आपलं पहिलं गद्य, लिहिलं गेलं ती भाषा याच मुलखात बोलली जात होती. पुढे 1490 मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क बहमनींपासून स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. अचलपूर तिची राजधानी. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. चौऱ्याऐंशी वर्षं हे राजधानीचं गाव होतं, आणि आज चिखलदऱ्याला जाणारे नव्वद टक्के लोक त्याच्या शेजारून न थांबता जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पाऊस उघडला की सगळ्यात आधी हौज कटोऱ्याला जा. गावाच्या पश्चिमेला, शेतांच्या मधे आहे. ऑटोवाल्याला नुसतं 'हौज कटोरा' म्हणा, तो नेईल. वाटीसारख्या गोल हौदाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, चारी बाजूंना कमानी. मी गेलो तेव्हा सर आली, म्हणून एका कमानीखाली उभा राहिलो. शेजारी एक मेंढपाळ घोंगडी पांघरून बसला होता आणि त्याची दोन कोकरं कमानीच्या कोनाड्यात अंग चोरून उभी होती. पाऊस दगडावरून ओघळत होता आणि बाहेर सगळीकडे हिरवी तूर. अर्धा तास आम्ही दोघं काही बोललो नाही. हवा खायला, पाण्याचा गारवा घ्यायला कुणा सुलतानाने हे बांधलं असेल, ते त्या अर्ध्या तासात मला कळलं. गवत माजलेलं असतं, पायाखाली बघून चाला. मुलीला वर चढू देऊ नका.

ढग जरा वर सरकले तर उत्तरेकडे सातपुड्याची रांग दिसेल. तिच्यावरच गाविलगड किल्ला. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली अडगावची लढाई जिंकून एलिचपुरात आला आणि जखमी शिपायांसाठी इस्पितळ उभारायला एक दिवस इथेच थांबला. मग त्याच्या दुसऱ्या फौजेने जड तोफा हातांनी ओढत डोंगरातून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, कारण गडाला भिडायची वाट तिकडूनच होती. 15 डिसेंबरला गड पडला, 17 ला नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. ज्या घाटात आज तुमची गाडी चढत नाही, त्याच डोंगरात त्या तोफा माणसांनी ओढल्या. मुलीला हे डोंगराकडे बोट दाखवून सांगा, पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील.

संध्याकाळी अचलपूरच्या रेल्वे स्टेशनवर जा. इथून मूर्तिजापूरपर्यंत 76 किलोमीटर शकुंतला नावाची आगगाडी धावायची, अरुंद रुळांची, इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला घडवलेलं. कापूस तिकडे गेला आणि इंजिन तिकडून आलं. 15 एप्रिल 1994 ला ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. माझ्या आजोळची माणसं हिनेच यायची. गार्डच तिकिटं फाडायचा. मामी डब्यातून उतरायची तेव्हा तिच्या पिशवीत तिळाच्या पोळ्या आणि माझ्यासाठी एक संत्रं हमखास असायचं. आता गाडी बंद आहे. ती परत सुरू व्हावी म्हणून या भागातल्या लोकांनी किती खेटे घातले ते मी जवळून पाहिलंय, आणि अजूनही मला वाटतं की ती सुरू व्हायलाच हवी.

मुक्तागिरीचं विचाराल तर पंधराएक किलोमीटरवर, हद्द ओलांडून मध्य प्रदेशात. 52 जैन मंदिरं आणि मधून कोसळणारा धबधबा. पावसाळ्यात फार सुंदर, पण पायऱ्या पुष्कळ आणि निसरड्या. आईंचे गुडघे दुखत असतील तर नको.

जेवणाचं म्हणाल तर स्टँडच्या आसपास गिला वडा मिळतो, मुलीला आवडेल. रात्री पाटोडीचा रस्सा आणि भाकर विचारा. तिखट असतो, आधी सांगून ठेवा.

उद्या पहाटेच स्टँडवर जाऊन चौकशी खिडकीवर विचारा. दरड रात्रीतून काढली तर पहिल्या गाडीला गर्दी उसळते. घटांग, सेमाडोह, हरिसाल, मग धारणी असा रस्ता आहे. मुलीला वळणं लागत असतील तर पुढची जागा धरा आणि निघताना पोटभर खाऊ देऊ नका.

शाळेत पहिल्या दिवशी मुलं गप्प बसतील. घाबरू नका. घरी ती कोरकू बोलतात, आणि ती भाषा मराठीच्या नात्यातली नाही. तिची सख्खी भावंडं दूर पूर्वेकडे संथाली आणि मुंडारी. पाण्याला 'डा' म्हणतात, जेवण्याला 'जोम'. मी दवाखान्यात पहिल्यांदा 'डा' म्हणत पेला पुढे केला, तेव्हा आठवडाभर न बोललेलं एक पोरगं खुदकन हसलं होतं आणि पेला त्याने दोन्ही हातांनी घेतला.