'इन युटेरो'चे ड्रम आणि दबलेलं गाणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो' अल्बममध्ये ड्रम अगदी समोर वाजतायत असं वाटतं. आम्ही खोलीत लांब दोन माइक लावून बघितले, तर स्नेअर (काठीने वाजवायचा तडतडणारा ड्रम) पातळ झाला आणि सगळा आवाज बाथरूममधून आल्यासारखा येतोय. कुठे चुकतंय?

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. फेब्रुवारी 1993 मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने बँडचा ड्रमर डेव्ह ग्रोल याच्या ड्रमभोवती तीसहून जास्त माइक लावले होते. पण त्या आकड्याच्या मागे लागू नका. त्या आवाजात मोठ्या खोलीचा आणि ग्रोलच्या हाताचा वाटा जास्त आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, दोन ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक) आणि लांबचे दोन असे सहा माइक तुम्हाला पुरेत.

स्नेअर पातळ होतो तो फेजमुळे. एकच घाव वेगवेगळ्या माइकांत थोडा मागे-पुढे पोचतो आणि एकत्र करताना काही सूर एकमेकांना खोडतात. खर्जातला भरदारपणा गेला की ते पटकन कानाला लागतं. स्नेअरच्या मध्यावर दोरी धरा आणि दोन्ही ओव्हरहेड तिथून सारख्याच अंतरावर आहेत ना, ते मोजा. मग ओव्हरहेड चालू ठेवून एकेक माइक उघडा आणि त्याची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटवून बघा. ज्या बाजूला आवाज भरतो, ती ठेवा. स्नेअरच्या खाली वेगळा माइक लावला असेल, तर तो जवळजवळ नेहमीच उलटवावा लागतो. काठी पडली की वरचं पान (ड्रमवर ताणलेला पडदा) वरच्या माइकपासून दूर जातं, खालचं मात्र खालच्या माइकच्या दिशेने येतं. शेवटी सगळं मोनोत (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐका, लपलेला दोष तिथे उघडा पडतो.

बाथरूमचा दोष खोलीचा आहे. ध्वनी 1 मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे तीन मीटरवरच्या माइकमध्ये घाव जेमतेम 9 मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि कान तेवढ्यावरून खोली मोठी मानत नाही. अल्बिनी खोलीचे माइक फरशीवर ठेवायचा आणि त्यांचा आवाज 10 ते 20 मिलिसेकंद मागे सरकवायचा. फरशीवर का? स्टँडवरच्या माइकमध्ये थेट आवाज आणि फरशीवरून उसळलेला आवाज वेगवेगळ्या वेळी येतात, फरशीलगत ते जवळपास एकत्रच येतात. तुम्हीही संगणकावर हे दोन ट्रॅक आधी 12, मग 20 मिलिसेकंद मागे घेऊन बघा. त्यापुढे गेलात तर जलद गाण्यात घाव दोनदा पडल्यासारखा वाटू लागतो. या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं साधन) जपून लावा, झांजा लगेच अंगावर येतात. झांजाच जास्त वाजत असतील तर ड्रमरला त्या हलक्या हाताने वाजवायला सांगा. मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) हे पूर्ण सुधारत नाही.

प्रश्न : रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम बदलायला लावला, हे खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग मिळून सुमारे दोन आठवड्यांत संपलं. अल्बिनीने एकरकमी 1 लाख डॉलर घेतले आणि विक्रीतला वाटा नाकारला. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, असं त्याने बँडला आधीच पत्रातून कळवलं होतं. त्यानंतर कंपनीला अल्बम रुचला नाही अशा बातम्या छापून आल्या आणि बँडने जाहिरात देऊन दबावाचा इन्कार केला. पण गाणं, म्हणजे गायकाचा आवाज, दबलंय, बेस स्पष्ट नाही, ही खंत खुद्द गायक कर्ट कोबेनलाही होती. म्हणून सिंगल म्हणून (स्वतंत्रपणे) निघालेली दोन गाणी निर्माता स्कॉट लिटने पुन्हा मिक्स केली. बाकीच्या गाण्यांची मिक्स तीच राहिली, बॉब लडविगने मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारात) बेस आणि गायकाचा आवाज पुढे आणला. आमच्या मते हा इलाज योग्यच होता. ड्रमचा मूळ ठसा तसाच राहिला आणि शब्द ऐकू आले. 2013 च्या आवृत्तीत अल्बिनीची नवी मिक्सही आहे. जुनी आणि ती एकाच पातळीवर आणून लागोपाठ ऐका, कान तयार होतो.

प्रश्न : इतका खरखरीत अल्बम विकला गेला का?

उत्तर : सप्टेंबर 1993 मध्ये आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या आठवड्यात सुमारे 1 लाख 80 हजार प्रती खपल्या. वॉलमार्ट आणि केमार्ट या अमेरिकन दुकानसाखळ्यांनी मात्र तो ठेवायला नकार दिला. मागच्या मुखपृष्ठाचं चित्र आणि एका गाण्याचं नाव बदलून 1994 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली.

प्रश्न : आमच्याकडेही गायकाचा आवाज किती ठेवायचा यावरून वाद आहे. मास्टरिंगला पाठवण्याआधी काय करावं?

उत्तर : तीन मिक्स काढा. एक तुमची, एक गायकाचा आवाज अर्धा डेसिबल वर ठेवून आणि एक पूर्ण एक डेसिबल वर ठेवून. सोबत गायकाच्या आवाजाशिवायची मिक्सही द्या. मास्टरिंगमध्ये गायकाचा आवाज वर काढायचा तर मधल्या पट्टीतले सूर उचलावे लागतात, आणि त्याच पट्टीत बसलेले गिटार आणि स्नेअरही सोबत वर येतात. निवड करताना स्पीकर अगदी हळू ठेवा आणि गाण्याचे बोल न जाणणाऱ्या कुणाला तरी ऐकवा. बँडमधल्यांना शब्द पाठ असतात, त्यामुळे दबलेलं गाणंही त्यांना स्पष्टच ऐकू येतं.