जुने स्पीकर उघड्या फळीवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले फिलिप्सचे दोन ८ इंची स्पीकर हाती आलेत. डबा न करता ओपन बॅफलवर, म्हणजे नुसत्या उघड्या फळीवर, लावायचे आहेत. फळी केवढी घ्यावी, भोक कुठं पाडावं? वाड्याच्या जुन्या सागवानी फळ्या घरात आहेत, त्या चालतील का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : सुताराला बोलावण्याआधी मल्टिमीटर काढा. फिलिप्सच्या काही व्हॉल्व्ह सेटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसे, त्यांना ८०० ओहमचे स्पीकर असत. वरून पाहून फरक कळत नाही. ७ ओहमच्या स्पीकरवर मीटर ५ ते ६ ओहम दाखवेल. काही शे ओहम दाखवले, तर आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो जेमतेम कुजबुजेल. चुंबकाच्या जागी जाड कॉइल आणि जादा दोन वायरी दिसल्या तर तो फील्ड कॉइलचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाचा. त्याला वेगळा आणि बऱ्याचदा धोकादायक व्होल्टेजचा डीसी पुरवठा लागतो, तेव्हा जाणकाराशिवाय हात लावू नका. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा हलणारा कागदी शंकू) पुढं सरकला तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लस. दोन्ही स्पीकरच्या प्लस टोकावर रंगाचा ठिपका द्या, कारण एक जरी उलटा जोडला गेला तरी खर्ज नाहीसा होतो.

आता फळी. कोन पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. मागचा आवाज कडेवरून वळून पुढं आला की खर्ज खाऊन टाकतो. त्यामुळे लाकूड कोणतं यापेक्षा कड किती लांब, हे कितीतरी महत्त्वाचं. ६० सेंमी रुंद फळीत मधोमध स्पीकर लावला तर बाजूच्या कडा ३० सेंमीवर येतात. मग साधारण १९० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलची घसरण सुरू होते. फळी जमिनीला टेकलेली असली की खालची वाट बंद होते, म्हणून थोडी सूट मिळते. पण मधोमध लावूच नका. दोन्ही कडा सारख्याच अंतरावर असल्या तर ११५० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. एका कडेपासून २४ आणि दुसऱ्या कडेपासून ३६ सेंमी ठेवा, म्हणजे खड्डा विखुरतो. दुसरी फळी आरशातल्यासारखी उलटी करा. उंची बैठकीवर ठरते : खुर्चीत बसून ऐकणार असाल तर भोकाचं केंद्र जमिनीपासून ९० सेंमी, गादीवर बसून ऐकणार असाल तर ६५ ते ७०.

आठ बाय चारच्या १९ मिमी बीडब्ल्यूआर (ओलीला टिकणाऱ्या) प्लायच्या अर्ध्या शीटमध्ये ६० बाय १२० सेंमीच्या दोन फळ्या निघतात. सागवान दिसायला देखणं, पण एप्रिल-मेच्या झळांत फळ्यांचे जोड उघडतात आणि नेमके त्याच जागी झणझणतात. वापरायचंच असेल तर प्लायला पुढून पातळ थर म्हणून लावा. एमडीएफ पावसाळ्यात कडेनं फुगतो, त्यामुळे निदान कडांना तरी सीलर मारा.

भोक जिगसॉनं पाडताना स्पीकर दुसऱ्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवा. लोखंडाचा कीस एकदा चुंबकाच्या फटीत शिरला की निघता निघत नाही. जाड फळीचं भोक म्हणजे छोटं भुयारच. स्पीकर पुढून बसवणार असाल तर भोकाची मागची कड कानशीनं ४५ अंशांत उतरती करा, मागून बसवणार असाल तर पुढची.

प्रश्न : स्पीकर घट्ट आवळून बसवले. आधी स्वच्छ वाजणारा एक आता खरखरतो.
— जालन्याचे वाचक

उत्तर : घट्ट आवळलात, तिथंच घोळ झाला. त्या काळच्या पत्र्याच्या सांगाड्याला पीळ बसला की व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) चुंबकाच्या फटीच्या भिंतीला घासते. सगळे बोल्ट सैल करा आणि कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबून पाहा. खरखर गेली तर स्पीकर शाबूत आहे. मग स्पीकर आणि फळीमध्ये ३ मिमी कॉर्क किंवा फेल्टची कडी घाला. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, पाव-पाव फेरा फिरवून लावा. कडी जेमतेम दबली की थांबा. लाकडात पिळायच्या स्क्रूऐवजी ४ मिमीचे बोल्ट आणि टी-नट (फळीत ठोकून बसवायचे नट) वापरा. स्क्रू ड्रायव्हर निसटला तर चुंबक त्याला ओढून कोनमध्येच घुसवतो.

सैल केल्यावरही खरखर राहिली तर वर्षानुवर्षांच्या वजनानं स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी लवचीक चकती) खाली झुकलेला असू शकतो. स्पीकर अर्धा वळसा फिरवून बसवा, बऱ्याचदा गुण येतो. चुंबक खोलून आत पाहण्याचा मोह मात्र आवरा. अल्निकोचं (जुन्या स्पीकरांतल्या मिश्रधातूचं) चुंबक पोलपासून, म्हणजे त्याला चिकटलेल्या लोखंडी भागापासून, सुटलं की त्याची ताकद घटते आणि पुन्हा चुंबकीकरण करावं लागतं.

प्रश्न : फळीवर गाणं मोकळं वाटतं, पण तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही. माळवदाची खोली आहे, दहा बाय बाराची. फळ्या भिंतीला टेकून ठेवल्यात.
— अंबाजोगाईचे वाचक

उत्तर : फळ्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढं आणा. माळवदाच्या जाड मातीच्या भिंती थरथरत नाहीत, ही तुमची जमेची बाजू. तरीही उणीव राहिली तर स्पीकरच्या प्लस वायरीत ३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर कोनला घट्ट धरून ठेवतो, रेझिस्टर ती पकड सैल करतो, आणि स्पीकरच्या अनुनादाजवळचा (कोन आपसूक जास्त हलतो त्या सुराजवळचा) खर्ज वर येतो. आवाज सुमारे ३ डेसिबलनं घटेल. वरचा सूरही किंचित टोकदार होईल, कारण तिथं स्पीकरचा विरोध वाढतो. टोन कंट्रोलनं बेस वाढवण्यापेक्षा हे बरं. उघड्या फळीवर कोनला मागून हवेची अडवणूक नसते, आणि जुन्या कॉइलची धाव मिलिमीटरभरच. चार पायऱ्या बेस चढवला की कॉइल ठोकर खाते. ५० किलोओहम इनपुटच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लावला तर ६८ हर्ट्झच्या खालचा अनाठायी हेलकावा कमी होतो.

प्रश्न : मागून स्पीकर उघडाच. धूळ आणि उंदरांचं काय?
— परभणीच्या वाचक

उत्तर : मागच्या बाजूला मलमलीचं कापड ताणून पिनांनी लावा, कोनपासून दोन-तीन इंच दूर. जाजम किंवा जाड पडदा नको, त्यानं मागचा आवाज दबतो. उंदीर मलमल कुरतडतात, म्हणून घरात वावर असेल तर बाहेरून बारीक जाळी ठोका. जाळी सैल राहिली तर वाजेल.